चि. मुक्तास, तुझ्या एमएबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फिजिक्सनंतर टेक्निकल कम्युनिकेशनमध्ये, म्हणजे मॅन्युअल आणि वापराच्या सूचना लिहिण्याच्या विषयात, एमए करायचं म्हणतेस, आणि आजीपासून आत्यापर्यंत सगळ्या मला विचारतायत की हे शिकून पोरगी करणार काय. माझी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे या कामाची गरज मला कुणी पटवून द्यायला नको. रात्रपाळीत मशीन बंद पडतं, स्क्रीनवर अलार्मचा नंबर असतो, हातात मॅन्युअल असतं आणि मशीन बनवणारा इंजिनियर परदेशात झोपलेला असतो. ‘आधी मेन स्विच बंद करा’ ही सूचना पॅनल उघडायला सांगून झाल्यावर छापलेली मी पाहिली आहे. व्याकरण अगदी बिनचूक होतं.

थ्री माइल आयलंडबद्दल सविस्तर वाच. २८ मार्च १९७९ला अमेरिकेतल्या त्या अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकून पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा जवळजवळ निम्मा वितळला. सप्टेंबर १९७७मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात झडप उघडी अडकण्याचा तसाच प्रकार होऊन गेला होता. त्यावरून अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्याच इंजिनियरांनी १९७८च्या सुरुवातीला लेखी कळवलं होतं, की आणीबाणीत पाणी सोडणारे पंप घाईने बंद करू नका, असं ऑपरेटरांना स्पष्ट सांगा. तो कागद कंपनीतच टेबलाटेबलांवर फिरत राहिला. ऑपरेटरांपर्यंत सूचना गेलीच नाही, आणि त्या पहाटे त्यांनी नेमकं पाणीच कमी केलं. आपलं लिहिलेलं कुणाच्या हातात, कधी आणि कोणत्या गडबडीत पडणार, हा विचार तुझ्या विषयाचा गाभा आहे असं मी मानतो. भाषा त्याच्यानंतर येते.

भाषेचेही नियम आहेतच. विमानांच्या देखभालीसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं सोप्या इंग्रजीचं मानक आहे. त्यात कामाची सूचना वीस शब्दांच्या आत बसवायची, एका वाक्यात सहसा एकच कृती सांगायची, आणि शब्दही ठरलेल्या यादीतून, ठरलेल्याच अर्थाने वापरायचे. तुला ऐसपैस लिहायला आवडतं, त्यामुळे आधी जाच होईल. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही असा मेकॅनिक ते वाचून विमानाला हात लावतो, एवढं ध्यानात ठेवलंस की जाच वाटणार नाही.

नोकऱ्या आहेत. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एपीआयची, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी कसं बोलायचं याची, कागदपत्रं लिहिणारे लागतात. त्यांना थोडं कोडिंग, मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) यावं लागतं. औषध कंपन्यांत चाचण्यांचे अहवाल लिहिणारे मेडिकल रायटर असतात, पण तिथे जीवशास्त्र किंवा फार्मसीवाल्यांना आधी घेतात. तुझ्यासाठी मला यंत्रसामग्रीचं क्षेत्र जास्त योग्य वाटतं. युरोपात मशीन विकायचं तर वापराच्या सूचना त्या देशाच्या भाषेत द्याव्याच लागतात, तसा कायदा आहे. म्हणजे चाकणहून जर्मनीला मशीन गेलं की त्याच्याबरोबर जर्मन सूचना जायलाच हव्यात. भाषांतराला सोपा जाईल असा मूळ मजकूर कुणाला तरी इथे बसूनच तयार करावा लागतो.

आत्याची एक शंका मात्र रास्त आहे: हे सगळं आता एआय लिहील. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही या व्यवसायाची जुनी संस्था जानेवारी २०२५मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाली, हेही तुला माहीत असू दे. आयती माहिती घेऊन फक्त वाक्यं नीटनेटकी करणाऱ्यांचं काम कमी होईल, असं मलाही वाटतं. पण इंजिनियरला खोदून विचारणं, मशीनपाशी उभं राहून प्रत्येक पायरी स्वतः करून बघणं, चौथ्या पायरीतला स्क्रू उभ्या माणसाला दिसतच नाही हे शोधून काढणं, याला तिथे हजर असलेलं माणूस लागतं. तुझं फिजिक्स तिथे उपयोगी पडेल, ते सोडू नकोस.

वॉशिंग्टन विद्यापीठाने २००९मध्ये आपल्या टेक्निकल कम्युनिकेशन विभागाचं नाव बदलून ह्युमन सेंटर्ड डिझाइन अँड इंजिनियरिंग केलं. म्हणजे वापरणारा माणूस मध्यभागी ठेवून रचना करायची, वारं त्या दिशेचं आहे. म्हणून आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाचा फॉर्म भरण्याआधी त्यांना विचारून घे, की लिहिलेल्या सूचना खऱ्या वापरणाऱ्यांच्या हातात देऊन तपासायला शिकवतात का. शिकवत असतील तर फीची काळजी करू नकोस. कर्जाचं मी आणि आईने बोलून ठेवलंय. त्यांचं उत्तर आलं की फोन कर.

तुझा,
बाबा