बाळाच्या कॉटमधल्या उशा आधी बाहेर काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत बाळाची खोली कशी सजवावी यावर अर्धं पान होतं. वर मोठा रंगीत फोटो, पांढरीशुभ्र कॉट, चारी बाजूंनी गुबगुबीत बंपर म्हणजे कठड्याला आतून बांधायच्या लांबट मऊ गाद्या, आत दोन चिमुकल्या उशा, एक लोड, एक टेडी, वरून झालरीचा पडदा आणि कॉट अगदी खिडकीखाली. फोटो सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण तो बघून माझ्या पोटात गोळा आला कारण अगदी तस्साच सेट आमच्या घरात जवळजवळ तीन महिने होता आणि त्यात माझा नातू झोपत होता. म्हणून हे पत्र.

आम्ही कल्याणला राहतो, वन बीएचके आहे. लेक सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हापासून घरात एकच विषय, कॉट कुठली घ्यायची. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तीन चकरा झाल्या, मोबाइलवर तर रोजच बघणं चालू. शेवटी एका दुकानातून ११,८०० रुपयांची कॉट घेतली, सोबत गादी, बंपर, उशा सगळा सेट, वर मच्छरदाणी फ्री. दुकानदाराने खास कौतुकाने दाखवलं की हिचा एका बाजूचा कठडा खाली सरकतो, बाळंतिणीला वाकायला नको, टाके दुखत नाहीत. लेकीचं सिझर होणार हे ठरलेलंच होतं त्यामुळे ते आम्हाला फार पटलं. एकानेही, म्हणजे मी धरून एकानेही, त्या कठड्याची क्लिप हातात धरून बघितली नाही.

बाळाचा तिसरा महिना संपत आला होता. पहाटे तीन-साडेतीनला मी पाणी प्यायला उठले, सवयीने मोबाइलचा उजेड कॉटकडे केला. खालच्या कोपऱ्यातली क्लिप तुटून कठडा बाहेर कलला होता, गादी आणि कठड्यामध्ये माझी मूठ जाईल एवढी फट, आणि सरकत सरकत बाळाचा एक खांदा त्या फटीत उतरलेला. बंपरची नाडी सुटून तो त्याच्या गालावर पडलेला, नाकापासून दोन बोटं लांब असेल नसेल. आणि बाळ रडत नव्हतं, काहीच आवाज नव्हता, लेक हातभर अंतरावर झोपली होती आणि तिला कळायला काही मार्गच नव्हता. मी उचलला तेव्हा तो रडला, मग सगळे उठले.

ती क्लिप मी अजून डबीत ठेवलीय. पांढऱ्या प्लास्टिकची, तिला करंगळीच्या नखाएवढा एक दात, तो मुळातून तुटलाय. अख्ख्या लाकडी कठड्याचा भार त्या एवढ्याशा दातावर होता.

दुकानात गेलो तर म्हणे दुसरी क्लिप देतो, अशा तुटतातच. आमचे जावई शांत माणूस पण त्यांनी तिथेच उभं राहून १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रार नोंदवली. पुढे पैसे परत मिळाले, त्याबद्दल आता काही म्हणणं नाही. पण ती कॉट घेऊन दुकानदाराने काय केलं असेल, नवी क्लिप बसवून दुसऱ्या कोणाला दिली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतर जावयांनी वाचायला सुरुवात केली आणि मला एकेक सांगत गेले. असा सरकणारा कठडा असलेल्या कॉट अमेरिकेत २८ जून २०११ पासून बनवायला आणि विकायला बंदी आहे. त्याआधीच्या दहा-अकरा वर्षांत कठडा निखळून किमान ३२ बाळं दगावल्याची तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाची नोंद आहे. २०११ सालची गोष्ट ही! आणि आम्हाला तीच वस्तू जास्त सोयीची म्हणून वर हजार रुपये घेऊन विकली. बंपरचं पण तेच. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून गुबगुबीत बंपर आणि तिरके उतार असलेले झोपायचे पाळणे दोन्ही बंद केले, आणि आपल्याकडे बाळाला लागू नये म्हणून बंपर घ्याच असा आग्रह करतात. अहो एवढ्याशा बाळाचं डोकं कठड्याला लागून लागून किती लागणार, जरा रडेल, लाल होईल. पण नाकाशी मऊ कापड आलं तर त्याला मान वळवून बाजूला होता येत नाही, हा खरा धोका आहे.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी लसीच्या वेळी हेच सांगितलं, फार साध्या भाषेत. बाळाला पाठीवर झोपवा, दर वेळी, दुपारी सुद्धा. गादी सपाट आणि कडक. वर उशी नाही, लोड नाही, सुटी गोधडी नाही, खेळणं नाही. पहिले सहा महिने तरी आईवडिलांच्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम घेतली आणि काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, नवीन औषध नाही की मशीन नाही, फक्त कसं झोपवायचं एवढंच बदललं. मी दोन मुलं मोहरीच्या उशीवर वाढवली, डोकं गोल व्हावं म्हणून. माझ्या आईने मला तशीच वाढवली. आता मी ती उशी कॉटमध्ये ठेवणार नाही, जी गोष्ट तेव्हा कोणी सांगितली नव्हती ती आता सांगितलीय तर ऐकायला हवी. विहीणबाईंनी पणजीच्या नऊवारीची गोधडी शिवून आणली होती, हाताचे बारीक टाके, महिनाभर बसून केलेली. ती आम्ही खाली जमिनीवर अंथरतो, दिवसा बाळ जागा असताना त्यावर पालथा खेळतो आणि आम्ही समोर बसलेले असतो. विहीणबाईंना पण हे पटलं.

आता दुसरा मुद्दा माळ्यावरच्या पाळण्याचा, कारण नवीन कॉट परत केल्यावर सगळे म्हणाले की घरचा पाळणा आहे ना. सासऱ्यांनी करून घेतलेला, लाल-हिरव्या ऑइलपेंटचा, घरातली सात बाळं त्यात वाढली. बारशाला तो काढलाच होता, बाळाला खालून वरून दिलं, चिमणाळं बांधलं, त्यात माझी काहीच हरकत नाही आणि कधी नसेल. पण रात्रभर झोपवायचं म्हटल्यावर मी टेप घेऊन बसले. दोन गजांमधलं अंतर साडेनऊ सेंटिमीटर. असायला हवं जास्तीत जास्त सहा, म्हणजे सव्वादोन इंचाच्या जरासं वर. मला आधी वाटायचं हे बाळाचं डोकं बाहेर येऊ नये म्हणून, पण उलटं असतं, बाळ पायाकडून सरकतं, पाय जातात, कंबर जाते, धड जातं आणि डोकं मागे अडकून राहतं. हे एकदा डोळ्यासमोर आलं की माणूस परत बिनमोजता कॉट घेत नाही. शिवाय कोपऱ्यांवर सुंदर नक्षीचे गोळे होते. बाळाच्या गळ्यात काळा दोरा असतो, झबल्याला नाड्या असतात, उभं राहायला लागलेलं मूल तिथे अडकू शकतं.

आणि रंग. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. आमचा पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा. दात यायला लागले की मूल कठडा चावतंच. शेजारचे म्हणाले पॉलिश पेपरने घासून टाका, नवीन रंग मारा. डॉक्टरीणबाई लगेच नाही म्हणाल्या, जुन्या रंगात शिसं असेल तर घासल्यावर त्याची धूळ घरभर होणार आणि ती बाळाच्या पोटात जाणार, त्यापेक्षा आहे तसा झाकून ठेवा. म्हणून पाळणा चादरीत गुंडाळून परत माळ्यावर. माझा जीव थोडा तुटला, पण ठीक आहे. ज्यांच्या घरी मोठ्या दिरांची, नणंदेची जुनी कॉट आलीय त्यांनी रंगाचं हे बघाच आणि नटबोल्ट पण मोजा, दोन कमी असतील तर दोरीने बांधून काम भागवू नका.

झोळीबद्दल लोक मला विचारतात. माझं मत, दिवसा आपण समोर बसून दहा मिनिटं झोका दिला, झोप लागली की उचलून सपाट गादीवर. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. रात्री झोळीत ठेवून आपण झोपायचं नाही, बस.

शेवटी आम्ही उल्हासनगरच्याच एका सुताराकडून कॉट करून घेतली, रबरवुडची, चारी बाजू घट्ट पक्क्या, कुठलीही बाजू सरकत नाही, कोपरे सपाट. सागवान झेपलं नाही आणि गरजही नव्हती. गजांमध्ये साडेपाच सेंटिमीटर. तळाची फळी दोन पातळ्यांवर बसते, मूल बसायला लागलं की खाली घ्यायची, मग कठडा गादीपासून दोन फूट उंच राहतो. पॉलिश झाल्यावर दोन आठवडे गच्चीतल्या शेडखाली वाऱ्याला ठेवली, वास पूर्ण गेल्यावरच घरात घेतली. गादी गादीवाल्याकडून कॉयरची मापात कापून घेतली, कापसाची नाही, कापसाची चार दिवसांत मध्ये खड्डा पडते. गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी लहान. तळहात दाबून उचलला आणि पंजाचा ठसा राहिला तर ती मऊ. मच्छरदाणी मात्र हवीच, कल्याणचे डास माहीत आहेत तुम्हाला, ती बाहेरून ताणून बसवली, आत लोंबत नाही.

बाकी नर्सरी सेट म्हणून जे काही गळ्यात मारतात त्यातलं निम्मं आपल्या घरात लागत नाही. चेंजिंग टेबल कशाला, आपली बाळं जमिनीवर सतरंजी आणि रबरशीटवर बदलतात आणि जमिनीवरून मूल पडत नाही. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर बसून पायावरच अंघोळ घालतात. वेगळी खोली, भिंतीला चंद्र-चांदण्यांचा वॉलपेपर, हे सगळं हौसेचं, पैसे असतील तर करा. पण मी म्हणेन त्याच पैशातून आईसाठी एक चांगली हातांची खुर्ची घ्या. पाठ टेकणारी, पाय जमिनीला पुरणारी. लेक पहिला महिनाभर पलंगाच्या कडेला वाकून दूध पाजायची, टाके ताणायचे, पाठ भरून यायची, खुर्ची आल्यावर दोन दिवसांत फरक पडला. एवढ्या फर्निचरच्या दुकानांत एकाने तरी विचारलं का की आई कुठे बसणार?

एक राहिलं, ड्रॉवरचं कपाट. ते भिंतीला एल अँगलने ठोकून घ्या, मूल रांगायच्या आधीच. खालचा ड्रॉवर उघडून मुलं पायरीसारखी चढतात आणि कपाट अंगावर येतं. आमच्याकडे स्क्रू मारताना टाइल तडकली, तडकू दे.

आता माझी मागणी. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, खुळखुळा सुद्धा त्याशिवाय विकता येत नाही. चांगलीच गोष्ट आहे. पण खुळखुळा बाळाच्या हातात दिवसातून तासभर असतो आणि कॉटमध्ये ते सोळा-सतरा तास असतं, आईची पाठ फिरलेली असताना, अंधारात. आम्ही सात-आठ दुकानांत विचारलं की ही कॉट कोणत्या स्टँडर्डला तपासलीय, गजांचं अंतर किती, रंगात शिसं नाही याचा कागद आहे का. एकाही दुकानात उत्तर मिळालं नाही, दोन ठिकाणी तर आम्हाला काही घ्यायचं नाहीये असं धरून पंखा बंद केला. प्रत्येक कॉटवर गजांमधलं अंतर, गादीचं माप, किती वजनापर्यंत चालेल आणि रंगाची तपासणी हे मराठीत लिहिलेलं लेबल लागलंच पाहिजे, आणि सरकत्या कठड्याची कॉट विकायलाच बंदी हवी. तुमचा पेपर लाखो घरांत जातो, तुम्ही हे लावून धरलंत तर मंत्रालयापर्यंत पोचेल.

आणि तुमच्याकडे एक विनंती, पुढच्या वेळी बाळाच्या खोलीचा फोटो छापाल तेव्हा कॉट रिकामी दाखवा. कडक गादी, ताणून बसवलेली चादर, आणि बाळ पाठीवर. फोटोत ते ओकंबोकं दिसेल पण बायका फोटो बघूनच खरेदी करतात, मी पण तशीच केली.

सोबत आमच्या सुताराला दिलेल्या मापांचा कागद जोडते आहे. जागा असेल तर तोही छापा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आपली नम्र,
एक आजी, कल्याण (पश्चिम)