भरती नऊची, बसही नऊची

प्रिय शैला,

फार दिवसांत पत्र नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं.

यंदाच्या हिवाळी पक्षीनिरीक्षण फेऱ्यांचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलंय, आणि मंडळींनी मला न विचारता पहिली फेरी ठरवूनही टाकली: रविवार, नवी मुंबईत सीवूड्सच्या बाजूची तळी, भरती नऊची आणि बसही नऊलाच पोचणार. का, तर "भरतीला पक्षी जवळ येतात ना? मग ऐन भरतीलाच जाऊ!" यातली मेख तुला एका दमात कळेल. बाकीच्यांना समजावताना माझा घसा बसतोय.

अगं, भरतीला पक्षी जवळ येतात ते आपल्याला दर्शन द्यायला नव्हे. चिखल पाण्याखाली गेला की तुतवार, पाणटिवळे, चिखल्ये, कोरल या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचं ताट उचललं जातं. मग ओहोटी लागेपर्यंत बांधावर, मिठागरात नाहीतर खाडीमागच्या तळ्यात एका पायावर उभं राहून झोपायचं, पिसं साफ करायची. दोन जेवणांमधली विश्रांती एवढीच. त्यात चाळीस माणसं बांधावरून चालत आली की अख्खा थवा उठतो, दोन-तीन घिरट्या घालतो, बसतो, पुन्हा उठतो. डिसेंबरात एकवेळ चालून जाईल, पण फेब्रुवारी-मार्चात हेच पक्षी उत्तरेच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. तेव्हाचं एकेक उड्डाण त्या साठ्यातून वजा होतं.

म्हणून भरतीच्या आधी दोन तास जाऊन बसायचं. चालत राहायचं नाही, बसायचं. बांधाच्या आडोशाला, डोकी आकाशरेषेच्या खाली. पाणी चढत येतं तसे पक्षी टप्प्याटप्प्याने मागे सरकतात आणि तुमच्यापासून किती लांब थांबायचं ते स्वतःच ठरवतात. आपण आधीच तिथे असलो की ते बरेच जवळ उतरतात. आपण मागून आलो की उडतात. आणि एकदा बसलं की ओहोटी लागेपर्यंत उठायचं नाही, कारण मधेच उठलात तर सगळं मुसळ केरात. म्हणजे तीन-चार तास एका जागी, जवळपास आडोसा नाही, आणि बाईमाणसाची सोय हा विषय वेळापत्रक करणाऱ्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलेला नाही. वाटेत थांबा घ्यायचा हे मीच कागदावर लाल शाईने लिहिलंय.

थवा बिचकतोय हे उडायच्या आधीच दिसतं, ते नव्या लोकांना कसं शिकवावं? चरणं थांबतं, माना वर होतात, सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळतात, मग कडेचे पक्षी आत सरकायला लागतात. माना वर झाल्या की थांबायचं. कॅमेरेवाले नेमके तेव्हाच दोन पावलं पुढे टाकतात, कारण मान वर केलेला पक्षी फोटोत छान दिसतो! तू म्हणशील, "लोकांना जवळून बघू दे, त्याशिवाय वेड लागत नाही." आपलं यावर पूर्वीच भांडण झालंय आणि मी अजून माघार घेतलेली नाही. जवळून बघायचं तर टेलिस्कोप आहे. तिपाई बुटकी ठेवा, वाऱ्याने हलत नाही. दहानंतर चिखलावरून झळा उठायला लागल्या की मात्र साठपट करूनही पाय पिवळे की काळे ते कळत नाही. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या सारख्या दिसणाऱ्या पाखरांत आधी बघायचे ते पायच, आणि नेमके तेच थरथरताना दिसतात.

वेळेचा हिशोब कोळ्यांचाच बरा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तक्ता बघायचाच. पण तक्ता अपोलो बंदराचा असतो आणि खाडीत आत पाणी उशिरा चढतं, हेही जमेस धरायचं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सगळ्यात कमी चढतं तेव्हा, जाऊन उपयोग नाही. भरती सहाच्या सुमाराला, शिवाय इतकी बुटकी की बराच चिखल उघडाच राहतो आणि पक्षी लांबच चरत बसतात. ऐन पौर्णिमेला भरती भर दुपारी. वर हिवाळ्यातल्या उधाणाला दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा कमी चढते. म्हणून सकाळच्या फेरीला द्वादशी-त्रयोदशीच धरायची, शुद्ध असो वा वद्य. तेवढे रविवार जुळवायचे आणि बाकीचे जंगलाला द्यायचे. शिवडीला मात्र सकाळी नेऊच नये, खाडी पूर्वेला असल्याने सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. तिथे चतुर्थी-पंचमीची दुपार. ऊन पाठीशी, भरती तीन-पावणेचारची, आणि लहान रोहिताची ती गडद किरमिजी चोच बिनचष्म्याच्या माणसालाही ओळखू येते.

जंगलाचं घड्याळ वेगळं. कर्नाळ्याला सात ते साडेनऊ, पुढे हमरस्त्याचा आवाज वाढतो आणि पक्षी गप्प होतात. चालण्यापेक्षा वाटेवर ऊन पोचलेल्या एखाद्या झाडाखाली पंधरा मिनिटं उभं राहावं. संमिश्र थवा आला की कोतवाल, नर्तक, माशीमार, वटवट्ये सगळे एकदमच येतात आणि पाच मिनिटांत पुढे जातात. तेव्हा आधी उंच फांदीवरचा बघावा की खालचा, यावर नानांचं आणि तुझं काय व्हायचं ते आठवतं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, हे या वेळी नियमातच घातलंय. तुझ्यासाठी खास.

भिगवणचा आग्रह सगळ्यांनाच डिसेंबरचा. तिथलं उजनी धरण भरलेलं असलं की तेव्हा पाणी काठोकाठ असतं, मग उथळ कडा कुठली आणि चिखल कुठला? पाणी उतरायला लागलं की खरी मजा, म्हणून मी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी सुचवलाय. कुंभारगावात नाववाल्याला निघण्याआधीच सांगून ठेवायचं की पट्टकादंब हंसांवर सरळ नाव घालू नको, तिरकी ने आणि लांबूनच इंजिन बंद कर. नावेत दुर्बीण आठपटीची बरी, दहापटीची नुसती नाचते. आणि कुरवांना (सीगलना) गाठ्या टाकणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याकडे पाठव. तेल-मीठ-बेसन हा काही कुरवाचा आहार नव्हे, आणि तो फोटो आता इतक्यांनी काढलाय की त्यात नवल उरलेलं नाही.

पण ही सगळी पुढची गोष्ट. माझी झोप उडालीय ती त्या पहिल्या रविवारापायी. बस साडेपाचला सोडा म्हटलं तर निम्मी नावं गळतील म्हणतात. गळू देत, असं मला वाटतं. वीसजण बांधाआड नीट मावतात, चाळीस मावत नाहीत. पण नव्यांना पहिल्याच खेपेला गाळायचं का? दोन तुकड्या कराव्यात म्हटलं, तर एक साडेपाचला खाडीवर आणि दुसरी सातला जंगलात, आणि दुसरीबरोबर जायला जाणतं माणूस नाही. म्हणजे तू. हे पत्र कशासाठी लिहिलंय ते आता कळलं असेलच.

घराचं काम संपलं का? छोटीचा निकाल काय लागला? आईंना नमस्कार, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं की कळव.

तुझी ती जड तिपाई घेऊन ये, माझीचा एक पाय सैल झालाय. आणि गुरुवारपर्यंत हो की नाही ते सांग, बसवाल्याला त्याच दिवशी पैसे द्यायचेत.

तुझीच,
नलू