ओम्या, बसची पाटी बदल

ओम्या,

परवा फोनवर तुझ्या त्या बसच्या गेमवरून जरा जास्तच बोललो मी. "दुसऱ्याच्या गेमला रंग मारायलास अन् म्हणतोस करिअर करायलोय" असं म्हणलो, तू नुसतं "बरं पप्पा" म्हणून फोन ठेवलास. तवापासून तुझी आई माझ्याशी धड बोलंना. आज पीकविम्याची साइट हँग आहे, दुकानात सात शेतकरी कागदं घेऊन बसलेत, तवर लिहून टाकतो.

तुला आठवणार नाही, या झेरॉक्सच्या दुकानात आधी आपला कॅफे होता, आठ कम्प्युटर, तासाला 15 रुपये. पोरं काय मेल बघायला येत नव्हती, काउंटर स्ट्राइक हा बंदुकांचा गेम खेळायला यायची अन् पार स्टेशन रोडपर्यंत त्यातलं बॉम्ब टाकतानाचं "फायर इन द होल" ऐकू जायचं. मी वैतागायचो पण गल्ला त्याच्यावरच भरायचा, तुझ्या वेळचा दवाखाना सुद्धा त्याच पैशात झालाय. अन् काल तुझा मामेभाऊ म्हणतो, काका तो गेम म्हणजे मुळात मॉड होता, म्हणजे दुसऱ्याच्या गेममधी बदल करून केलेला, तुझ्या बससारखाच. मला खरंच वाटंना. मग रात्री एक वाजेपर्यंत यूट्यूब बघत बसलो.

मिन्ह ले नावाचं कॅनडातलं पोरगं, कॉलेजात शिकायचं. आधी क्वेक नावाच्या गेमचे मॉड करायचा, 1998 ला हाफ लाइफ गेम आला तर त्याच्यावर यानं पोलीस अन् अतिरेकी बसवले, 1999 च्या जूनमधे फुकटच सोडून दिला. लोकांनी खेळला, चुका काढल्या, यानं दुरुस्त करून पुन्हा सोडला, पुन्हा चुका, पुन्हा दुरुस्त, असं वर्षभर. मग 2000 ला हाफ लाइफवाल्या वाल्व्ह कंपनीनंच तो घेतला अन् त्याला पण घेतलं. "फायर इन द होल" म्हणणारा आवाज पण त्याच्या जोडीदाराचाच निघाला, मी समजत होतो कोणी मोठा इंग्रजी ॲक्टर असंल. पब्जीवाला ब्रेंडन ग्रीन पण तसाच, फोटो काढायचा, वेबसाइट बनवायचा, आर्मा नावाच्या गेमवर मॉड करत करत कोरियाच्या कंपनीत गेला. तोच पब्जी, 2020 ला भारतात बंद झाला तवा तू दोन दिवस जेवला नव्हतास.

पण तू मला सगळे जिंकलेलेच सांगतोस. त्या मिन्ह लेनं नंतर स्वतःचा गेम काढला, 2013 ला, टॅक्टिकल इंटरव्हेन्शन, तो काही चालला नाही. मग गडी पुन्हा दुसऱ्यांच्या गेमवर कामाला लागला. हे पण सांगत जा की, मी काय घाबरून जाणार नाही. अन् रंग मारण्याचं म्हणशील तर मी स्वतः दहा वर्षं चोरीच्या विंडोजच्या सीड्या टाकून धंदा केलाय, मी कोणत्या तोंडानं बोलायलो काय माहीत.

आता तुझ्या बसचं. त्या इंडोनेशियाच्या बसच्या गेममधी तू आधी नुसता लालपरीचा रंग चिटकवायचास, मग ब्लेंडर सॉफ्टवेअरमधी अख्खी बस केलीस अन् आता युनिटी सॉफ्टवेअरमधी परभणी-गंगाखेड रोड. तू पाठवलेली फाइल मी टाकली मोबाइलमधी, दोनदा चालवून बघितली. बस चांगली आहे. पण परभणीहून निघताना पाटी गंगाखेडची पाहिजे अन् वापस येताना परभणीची, तुझी एकच राहायली. दुसरं, तुझ्या बसला कंडक्टरच नाही. मी चार वर्षं अपडाउन केलंय या रोडनं, ड्रायव्हर मनानं बस हलवत नसतो. कंडक्टर दोरी ओढतो, एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल. तू तिथं बटण दिलंस, ते काढ अन् घंटी टाक. उन्हाळ्यात त्या बसचा पत्रा कसा खडखड वाजतो ते पण नाही आलं, पाहिजे तर मी रेकॉर्ड करून पाठवतो, शनिवारी जायचंच आहे गंगाखेडला.

ग्राफिक कार्डाचं विम्याचा सीझन संपला की बघू, आईला आत्ताच बोलू नको.

अन् एक राहिलंच. गोदावरीचा पूल आला की बस थोडी हळू होती, बाया खिडकीतून हात काढून पाण्यात नाणं टाकतात अन् हात जोडतात. तुझ्या पुलावरून बस तशीच सुसाट जायली. ते नाणं टाक.

साइट चालू झाली बघ.

पप्पा