बारशाला सगळे आले, बाळ कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी डिसेंबर आला की ठरवते, काही लिहायचं नाही, लोकांच्या आनंदात मिठाचा खडा कशाला. पण यंदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त शेवटची विनंती तेवढी ठेवा.

मी वडगाव शेरीला राहते, माहेर नाना पेठेतलं. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळ गाव नगर जिल्ह्यात नेवाशाकडे. आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घरं मोजून चार, पण नाताळ एकदम जोरात असतो बरं का. वर्गणी निघते, गेटवर लायटिंग होतं, एका कोचिंग क्लासचा स्टॉल लागतो, एक बँकवाला लोनची पत्रकं वाटतो आणि आमचे वॉचमनकाका सांता होतात, दुपारी चारच्या उन्हात कापसाची दाढी लावून घामाघूम बिचारे. बर्फ म्हणून थर्माकोलचे मणी उडवतात, ते होळीपर्यंत ड्रेनेजच्या जाळीत सापडत राहतात. असो. मुलं खूश असतात, माझी पण होती लहान असताना.

तर यंदा मी म्हटलं की लॉबीत एका कोपऱ्यात छोटीशी गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडते, माझ्या वडिलांनी केलेली आहे, जागा पण जास्त लागत नाही, टीपॉयएवढी. कमिटीतले एक जण, माणूस खरंच चांगला आहे, कुणाच्याही अडीअडचणीला पहिला धावतो, तो अगदी नम्रपणे म्हणाला, "ताई, ते रिलिजियस होतं ना, आपण सेक्युलरच ठेवूया, सांता चालेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण "बरं" म्हणून घरी आले, कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीला मला राग आला.

म्हणजे बघा ना, याच सोसायटीत गणपती बसतो, मी दोन्ही वेळच्या आरतीला उभी राहते, मोदक खाते, विसर्जनाला टाळ्या वाजवत जाते. तिथे आजवर कोणी म्हणालं नाही की सेक्युलर ठेवूया, मूर्ती नको, नुसता उंदीर बसवू. आणि म्हणूही नये, तो गणपतीचा उत्सव आहे, गणपती असणारच. मांडवाच्या कमानीवर गुटख्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती असल्या तरी आत मूर्ती असते, सकाळ-संध्याकाळ आरती होते. नाताळचं मात्र बारशासारखं झालंय, पाळणा सजवला, घुगऱ्या वाटल्या, पाहुणे जेवून गेले, आणि पाळण्यात बाळच नाही.

दुकानदारांना शिव्या घालायला मी बसलेली नाही. नाताळचा बाजार काही काल सुरू झालेला नाही. सांताचं ते लाल नाकाचं हरीण १९३९ मध्ये शिकागोच्या एका मोठ्या दुकानाने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेतून जन्माला घातलं. सांताला कोका-कोलाने लाल केला असं व्हॉट्सॲपवर दर डिसेंबरला फिरतं, ते खरं नाही, अमेरिकेतल्या थॉमस नास्ट नावाच्या चित्रकाराने त्याच्या कितीतरी आधी त्याला लाल कपड्यात काढला होता, कोका-कोलाच्या १९३१ पासूनच्या जाहिरातींनी तो जगभर पोचवला एवढंच. आणि ज्याच्यावरून सांता आला तो मूळचा संत निकोलस हा चौथ्या शतकातला बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा. त्याचा बर्फाशी आणि हरणाशी काय संबंध! उलट आमच्याच लोकांनी एकेकाळी नाताळ बंद पाडला होता, अमेरिकेत बोस्टनकडच्या कडक प्युरिटन पंथाच्या मंडळींनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला, बावीस वर्षं तो कायदा होता. त्यामुळे "पूर्वी सगळं कसं पवित्र होतं" असं मी म्हणणार नाही.

मला खुपतं ते वेगळंच. कोणी म्हणतं हा पाश्चात्त्यांचा सण, कोणी म्हणतं धार्मिक नको, आणि दोघं मिळून काढून टाकतात काय तर नेमका तो भाग जो आपल्याकडचा वाटावा! बर्फ ठेवतात, हरणं ठेवतात, जिंगल बेल्स ठेवतात, ज्यात ख्रिस्ताचं सोडा, ख्रिसमसचं पण नाव नाही, कधीतरी शब्द नीट ऐका. आणि काय टाकतात? तर आशियातल्या एका खेड्यातला गोठा, येशू जन्मला तो. सरकारने शिरगणती काढली म्हणून दिवस भरलेल्या बायकोला घेऊन एक सुतार आपल्या मूळ गावी निघालाय, उतारशाळेत जागा नाही, बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलंय. बाळंतं, गव्हाण, हे शब्द कुठल्या मराठी बाईला समजावून सांगावे लागतात का हो? "मेंजर" म्हटलं की माझ्या मुलीलाही कळत नाही, गव्हाण म्हटलं की माझ्या शेजारच्या आजींना लगेच बैलांच्या वैरणीचा वास येतो.

माझ्या वडिलांच्या गव्हाणीतला मेंढपाळ आपला धनगर आहे. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पायाशी कुत्रं. लहानपणी मी विचारलं होतं की चर्चमधल्या चित्रात तर असा नसतो, तर ते म्हणाले मी जसा बघितलाय तसा केलाय. दिवाळीनंतर आमच्या गावच्या शेतात मेंढरांचा वाडा बसायचा, खतासाठी. एका रानात दोन-तीन रात्री, मग दुसऱ्याच्या रानात, आणि आजोबा त्यांना बदल्यात धान्य द्यायचे. ही माणसं पोराबाळांसकट उघड्यावर झोपायची, झोपायची कसली, लांडग्याच्या भीतीने आळीपाळीने जागी असायची. नाताळच्या आदल्या रात्री आमची मंडळी पेटी, तबला आणि टाळ घेऊन घरोघरी गात फिरायची ती शेवटी त्या वाड्यावर पण जायची, करंज्या घेऊन. कारण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूजन्माची बातमी पहिल्यांदा कळली कोणाला, तर रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. राजवाड्यात नाही, देवळातही नाही. वडील म्हणायचे, हा भाग वाचताना आपल्या लोकांना अंगावर शहारा येतो कारण आपण ती थंडी बघितलीय. आजही लोहगाव, वाघोलीच्या पुढे गेलात तर या दिवसात बिल्डिंगांच्या मधल्या उरलेल्या रानात मेंढरं दिसतात, आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून एकदा मी स्वतः बघितली आहेत.

आणि पुण्याला हे सगळं परकं आहे असंही नाही. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ सालची गोष्ट. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर अभंग सोडले नाहीत, ख्रिस्तावर रचले, आम्ही ते अजून गातो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं. आणि १८९० मध्ये याच शहरात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडचा चहा प्यायल्यावरून केवढं रामायण झालं, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आज कॅम्पात केकसाठी पेठांमधली माणसं तासभर रांग लावतात, कोणाला काही वाटत नाही, ही प्रगती छानच आहे, मला मनापासून आनंद वाटतो. फक्त केक चालतो आणि गव्हाणी चालत नाही, हे गणित मला सुटलेलं नाही.

आता आमच्या लोकांबद्दल पण लिहिते, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. आमच्याकडे डिसेंबर लागला की आधी कपडे, मग मोबाईलची ऑफर, मग कोणाच्या घरावर किती मोठा स्टार. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, थांबायचे, मन आवरायचे दिवस, ते आम्ही सेलमध्ये घालवतो. कुलकुल आणि करंज्या आई-मावश्या मिळून रात्र रात्र बसून करायच्या, आता बॉक्स ऑर्डर करतो. मी पण करते, नोकरी करून कोण बसणार तळत. चर्चच्या आवारातसुद्धा उपासना संपायच्या आत पोरं सेल्फी पॉईंटला पळतात, आणि नाताळ २५ ला संपला असं समजून २६ ला झाड खाली, खरं तर तो तिथे सुरू होतो, ६ जानेवारीपर्यंत. तेव्हा मॉलला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. संत फ्रान्सिस ऑफ असिसीने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल आणि गाढव आणून गव्हाणी मांडली ती ख्रिस्ती लोकांसाठीच मांडली होती, त्यांनाच दाखवायचं होतं की बाळ किती गरिबीत जन्मलं.

आता विनंती. तुमच्या पुरवणीत दर डिसेंबरला केक कुठे चांगला, ब्रंच कुठे, ३१ च्या पार्टीचे दर काय, हे पानभर येतं. येऊ दे, मी पण वाचते. पण त्याच पानावर एका चौकटीत पुण्यातल्या चर्चमधल्या मराठी उपासनांच्या वेळा छापा ना. २४ च्या रात्री मराठी गाणी पेटी-तबल्यावर ऐकायला कोणीही येऊ शकतं, कोणी जात-धर्म विचारत नाही, मागच्या बाकावर बसा, नाही पटलं तर उठून जा. आणि मथळ्यात "ख्रिसमस सेलिब्रेशन" ऐवजी नाताळ लिहा, चांगला जुना शब्द आहे, पोर्तुगीजांकडून आला असला तरी बटाट्यासारखा आपलाच झालाय.

आमची गव्हाणी शेवटी लॉबीत नाही तर आमच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये मांडली आहे. आत्ता तिच्यात बाळ नाहीये, पण ती आमच्याकडची रीत, २४ ला रात्री चर्चहून आलो की ठेवतो. शेजारच्या आजींनी परवा मेंढरांपुढे कोथिंबिरीच्या काड्या आणून ठेवल्या, त्या सुकल्यात, पण मी काढलेल्या नाहीत.

आपली,
एक वाचक, वडगाव शेरी, पुणे