शाळेला सुट्टी दिल्यानंतर मुलांचे आणि पालकांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की पूरबाधित भागातील शाळांना सुट्टी जाहीर होते, आणि तो निर्णय योग्यच असतो. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यांवरून मुलांना शाळेत पाठवा, असे कोणीही म्हणणार नाही. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. शाळा किती दिवस बंद राहील हे आपल्याला कळते. पण त्या दिवसांत मुलांकडे कोण पाहील, त्यांच्या आईवडिलांना कोणाचा आधार असेल आणि शाळा पुन्हा भरल्यावर पहिले काही दिवस वर्गात काय करायचे, हे कोणी सांगत नाही. हे नियोजन दरवर्षी जूनमध्येच लेखी तयार असावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी करवीर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून माझ्या नोकरीची बरीच वर्षे नदीकाठच्या गावांत गेली.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन मोठ्या पुरांनंतर आता महापूर हा अपवाद म्हणता येणार नाही. शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगेकाठची गावे, करवीरमधील चिखली-आंबेवाडी आणि शहरातील सुतारवाडा, कुंभार गल्ली येथील कुटुंबे जुलै लागला की सामान बांधायच्या तयारीनेच राहतात. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यास सुरू होते. पहिलीतले मूल घर सोडून वर्गात बसायला, बाईंच्या आवाजाला, डब्याच्या वेळेला जेमतेम सरावते, तोच पाणी येते. त्यात मधल्या काळात कोविड आला. राज्यातील पहिली ते चौथीचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ प्रत्यक्ष भरलेच नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात तर त्या बंद काळातच २०२१ चा पूर येऊन गेला. त्या वेळी प्राथमिक वर्गांत असलेली मुले आज माध्यमिक शाळेत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांना शाळा अचानक बंद पडण्याची धास्ती अजूनही वाटते, हे त्यांना शिकवणारे शिक्षक सांगतात.

मुलांचा त्रास ओळखायचा कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण मूल सहसा ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. लहान मूल आईचा पदर सोडत नाही, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू होते, डॉक्टरांना काही सापडत नाही तरी पोट दुखत राहते, पाऊस वाढला की झोप उडते. मोठी मुले चिडचिडी होतात किंवा गप्प होतात. त्यातही मुलगे गप्प झाले की त्यांना ‘शहाणे झाले’ असे म्हटले जाते, ते मला नेहमीच खटकत आले आहे. ही लक्षणे बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत आपोआप कमी होतात, मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात: ओळखीचे माणूस, दिवसाचा ठरलेला क्रम आणि पुढे काय होणार आहे याची खरी, समजेल अशा शब्दांतली माहिती. ‘काही होत नाही, रडू नकोस’ याने मूल शांत होत नाही. ‘आपण इथे सुरक्षित आहोत, बाबा म्हशींजवळ थांबले आहेत, पाणी उतरले की ते येतील’ हे सांगितले, की त्याला धरायला काहीतरी मिळते. उलट, घडलेले पुन्हा पुन्हा सांगायला लावणे किंवा कॅमेऱ्यासमोर उभे करून रडवणे याने इजा होते. निवारा केंद्रांना भेट देणाऱ्या मान्यवरांनी आणि माध्यमांनीही एवढे पथ्य पाळावे.

निवारा केंद्रात जेवण, पाणी, औषध यांची व्यवस्था आता बरीच चांगली होते, आणि त्याचे श्रेय प्रशासनाला तसेच तालमी, तरुण मंडळे व गावागावांतून भाकरी पाठवणाऱ्या बायकांना दिलेच पाहिजे. पण मुलांना तिथे दिवसभर करायला काहीच नसते. प्रत्येक केंद्रात एक कोपरा आणि रोज सकाळ-संध्याकाळचा ठरावीक तास मुलांसाठी राखून ठेवावा. तिथे गाणी, चित्रे, गोष्टी, खेळ असावेत आणि शक्यतो त्याच मुलांच्या शाळेतील शिक्षक किंवा अंगणवाडीताई असाव्यात. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ते मनुष्यबळ, आणि तिथेच अडते, कारण त्याच शिक्षकांना पुराच्या कामावर याद्या करायला बसवलेले असते. प्रत्येक केंद्रावर निदान एक शिक्षक केवळ मुलांसाठी मोकळा ठेवावा, असे आदेशातच नमूद व्हावे. ज्या मुलांना पाहुण्यांकडे पाठवले आहे, त्यांच्या वर्गशिक्षकांनी दोन-तीन दिवसांतून एकदा फोन करावा. तो फोन अभ्यास विचारण्यासाठी नसावा. मूल कुठे आहे, जेवते का, झोपते का, एवढेच विचारण्यासाठी असावा.

पालकांबद्दल मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे, कारण त्यांचा विचार सर्वांत कमी होतो. पुरात बाप गोठ्यामागे आणि आई पोराबाळांमागे, अशी घराची विभागणी होते. पाणी ओसरले की चिखल उपसणे, भिजलेले धान्य वाळवणे, पंचनाम्यासाठी तलाठ्यांची वाट पाहणे, बँकेच्या पासबुकाची आणि आधार कार्डाची शोधाशोध, आणि त्याच वेळी बुडालेला रोजगार. इचलकरंजीत यंत्रमाग बंद राहिले की आठवड्याचा पगारच येत नाही. अशा वेळी घरातल्या एकमेव मोबाइलवर शाळेचा गृहपाठ येऊन पडतो आणि ‘पूर्ण करून फोटो पाठवा’ असा निरोप येतो. वीज नाही, चार्जिंग नाही, वह्या भिजलेल्या. मग आईचा संताप मुलावर निघतो, आणि नंतर तीच रात्रभर त्याचे वाईट वाटून घेते. अशा कित्येक माता मी पाहिल्या आहेत. त्यांना पालकत्वाचे धडे देण्याची गरज नाही. त्यांना दोन तास मूल सांभाळणारे कोणी हवे, अर्ज भरून देणारे कोणी हवे आणि ‘या दिवसांत अभ्यास झाला नाही तरी चालेल’ हे शाळेने स्वतःहून सांगायला हवे. आईवडिलांचा जीव थोडा स्थिरावला, की मुलाचा अर्धा त्रास तिथेच हलका होतो. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पूर न आलेल्या गल्लीतल्या पालकांनी पूरग्रस्त घरांतली मुले काही तास सांभाळण्याची जबाबदारी या समितीमार्फत वाटून घेता येईल.

शाळा बंद म्हणजे दुपारचे जेवणही बंद, हे विसरले जाते. कोविडच्या काळात पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्ये पालकांना कोरड्या स्वरूपात वाटण्यात आली होती. लांबलेल्या पूरसुट्टीतही तसे करावे. आणखी एक अडचण अशी, की पाणी न शिरलेल्या शाळा निवारा केंद्रे होतात आणि नदी उतरल्यानंतरही तिथले वर्ग भरत नाहीत. जिथे मंगल कार्यालये, सभागृहे उपलब्ध आहेत तिथे त्यांना पहिले प्राधान्य द्यावे आणि त्यांच्याशी पावसाळ्यापूर्वीच बोलणी करून ठेवावीत.

शाळा पुन्हा भरल्यानंतरचा पहिला आठवडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेमके त्याच आठवड्यात बुडालेला अभ्यासक्रम भरून काढण्याची घाई सुरू होते, जादा तास लागतात, चाचण्यांच्या तारखा येतात. पहिले काही दिवस पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांना एकमेकांशी बोलू द्यावे, खेळू द्यावे. वह्या-पुस्तके-गणवेश गेलेल्यांना ते वर्गासमोर उभे न करता, हातात नीट द्यावेत. ज्या मुलाची झोप, खाणे, बोलणे महिना उलटला तरी पूर्वपदावर येत नाही, त्याच्यासाठी शिक्षकांना पुढची वाट माहीत असली पाहिजे. मानसिक आधारासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक, दोन्ही विनामूल्य, प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात आणि प्रत्येक निवारा केंद्रात ठळक लावावेत. पालकांनाही १४४१६ वर स्वतःसाठी बोलता येते, हे त्यांना आवर्जून सांगावे. आणि ज्या शिक्षकाचे स्वतःचे घर पाण्यात गेले आहे, त्याच्याकडून लगेच हजर राहण्याची अपेक्षा धरू नये.

पावसाळ्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापनाची बैठक दरवर्षी होते; बोटी, लाइफ जॅकेट, औषधे यांचा आढावा तिथे घेतला जातो. त्याच बैठकीला जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांनी, महिला व बालविकास विभागाने आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी वर मांडलेल्या बाबींचा लेखी आराखडा घेऊन बसावे, आणि तो प्रत्येक पूरबाधित गावाच्या मुख्याध्यापकांकडे शाळेच्या पहिल्या दिवसापूर्वी पोहोचावा, ही माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
करवीर, जि. कोल्हापूर