आधी केगमधली चाखून बघ

सोलापूर,
१८ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एवढंच सांगितलंस की नव्या नळाची बियर सुरुवातीला झकास लागली आणि आता तिला लोण्यासारखा वास येतोय. पुढे काही विचारायच्या आत तुझ्याकडे गर्दी झाली. म्हणून आज सकाळी बार उघडायच्या आधी काउंटरवर बसून हे लिहितोय. तुझ्या भावाने कोल्हापुरात एवढा खर्च करून दोन नळ बसवलेत, आणि तू आता केग, म्हणजे बियरची पिंपं, कंपनीला परत पाठवायच्या बेतात आहेस. इतक्यात पाठवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

एप्रिलमध्ये आमच्याकडे हेच झालं. आमचे तीन नळ आहेत, दोन लागरचे आणि एक गव्हाच्या बियरचा. एक निवृत्त मास्तर आठवड्यातून दोनदा येतात. कोपऱ्यातलं टेबल, एक मग लागर आणि वाटीभर शेंगाचटणी, एवढंच घेतात. ते मग अर्धा ठेवून उठायला लागले. तक्रार काही नाही, बिल देऊन निघून जायचे. आमच्या जुन्या वेटरमामांच्या ते लक्षात आलं. दोनदा मला म्हणाले, "साहेब, मास्तरांचा मग आजपण अर्धाच राहिला बघा." मी म्हटलं, उन्हाळा आहे, तब्येत बरी नसेल. मित्रा, मामांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. ती चुटपुट अजून जात नाही.

मग दुसरी गिऱ्हाइकं बोलायला लागली आणि मी सरळ कंपनीला फोन लावून भांडलो. त्यांनी मुकाट्याने दोन केग बदलून दिले. नव्या केगलाही वास तोच! केग बदलूनही वास बदलत नसेल तर दोष केगमध्ये नाही, एवढी साधी गोष्ट मला त्या तावातावात सुचली नाही.

सुचली ती घरी. रविवारी आई ताक घुसळत होती. लोण्याचा गोळा काढून तिने सवयीने माझ्या हातावर ठेवला. तोंडात टाकणार तोच वास आला आणि हात थांबला. आमच्या दोन नंबरच्या नळाचा वास तो हाच. मागाहून वाचलं तेव्हा कळलं की लोण्याचा वास ज्या पदार्थाचा, त्याला डायअसिटिल म्हणतात आणि बियरमध्येही तोच असतो. बियर आंबत असताना यीस्ट तो थोडाफार तयार करतं, आणि पुरेसा वेळ मिळाला तर स्वतःच संपवूनही टाकतं. तिथे घाई झाली तर दोष कारखान्याचा. पण केगमधली बियर चोख असून मगात लोणी येत असेल, तर ते काम नळीत घर करून बसलेल्या जंतूंचं. पेडिओकोकस आणि लॅक्टोबॅसिलस ही त्यांची नावं. आपल्या विरजणातल्या जंतूंचेच हे भाऊबंद. दुधात ते हवेत, बियरच्या नळीत नकोत.

दोष केगचा की लाईनचा, म्हणजे केगपासून नळापर्यंतच्या नळीचा, हे ठरवायला पाच मिनिटं लागतात. जादा कपलर, म्हणजे केगच्या तोंडावर बसणारी जोडणी, घे, त्याला हातभर नवी नळी आणि प्लास्टिकची साधी तोटी लाव, आणि थेट केगमधून एक ग्लास काढ. दुसरा ग्लास त्याच केगच्या नळावरून. मी सोमवारी सकाळी दोन्ही काढले आणि कुठला कुठला ते न सांगता मामांपुढे ठेवले. त्यांनी फक्त हुंगले. डावीकडचा पुढे सरकवून म्हणाले, "ही प्यायची. ती नको." डावीकडचा केगमधला होता. आमची नळी नऊ मीटर लांब आहे आणि आतून सहा मिलिमीटर, म्हणजे तिच्यात पाव लिटर बियर रात्रभर उभी असते. सकाळचा पहिला मग जवळजवळ तेवढ्याचाच भरतो. दुसऱ्या मगापासून वास कमी झाला, पण गेला नाही, कारण मागून येणारी ताजी बियरही त्याच घाणीवरून येत होती.

मग एक नंबरचा नळ खोलला. त्या बियरला लोण्याचा वास नव्हता, आंबूस झाक होती. पान्याने तोंड फिरवलं, आतला दांडा बाहेर काढला, आणि मी काही वेळ नुसता बघत राहिलो. बाहेरून आरशासारखा चकचकीत नळ, रोज सकाळी पोरं फडक्याने पुसतात. आत मात्र सगळीकडे तपकिरी-करडी साय. बोट लावलं तर बुळबुळीत, नाकाशी नेलं तर सरळ व्हिनेगर. बियरचं व्हिनेगर करणाऱ्या जंतूंना हवा लागते, आणि नळाच्या तोंडाशी ती आयतीच मिळते. ट्रेवर घोंगावणारी चिलटं ते जंतू आणून सोडतात. एकाच काउंटरवर दोन नळांचे दोन वेगळे रोग होते, आणि मी दोन्ही एकाच कंपनीच्या माथी मारत होतो.

हे झालं कसं, तेही लिहितो. नळ बसवणाऱ्याने चौदा दिवसांनी लाईन धुवायला बजावलं होतं. सोलापूरचं पाणी तुला ठाऊक आहे, काही दिवसांआड येतं, कधी मध्यरात्री. "पाणी आलं की धुऊ" म्हणत पोरं पुढे ढकलत गेली आणि मी विचारलं नाही. सात आठवडे लाईनला पाणी लागलं नव्हतं. दुधाचं पातेलं आपण एक दिवस तसंच ठेवत नाही, आणि ही नळीसुद्धा खाण्यापिण्याचंच भांडं आहे रे. आता फक्त लाईनसाठी दोनशे लिटरचा ड्रम वेगळा भरलेला असतो, त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. मामा म्हणत होते अमावस्या-पौर्णिमेला धुऊ, लक्षात राहील. पण पंधरवडा कधी पंधरा दिवसांचा होतो, म्हणून एक सोडून एक मंगळवार धरला. कॅलेंडरवर लाल पेनाने गोल आहेत, आणि धुणारा तिथे सही करतो.

धुण्याची रीत नीट वाच. आधी केग सोडव, लाईन साध्या पाण्याने रिकामी कर. मग बियर लाईनसाठी मिळतं तेच कॉस्टिक सोड्याचं द्रावण, वजनाने दोन टक्के, कोमट पाण्यात. हाताला सोसवेल एवढंच कोमट, ४३ अंशांच्या वर नको. ते पंपाने पंधरा मिनिटं लाईनमधून सतत फिरव. नुसतं भरून ठेवण्यापेक्षा फिरवण्याने घाण सुटते. पहिल्या वेळी आमच्या लाईनमधून काय आलं सांगू? थंड झालेल्या चहावरच्या सायीसारखे तपकिरी तुकडे, पांढऱ्या बादलीत तरंगत होते. मालकांना मुद्दाम बोलावून दाखवले. त्यांनी एक शब्द न बोलता नव्या नळ्यांचे पैसे काढून दिले. तेवढ्या वेळात नळ आणि कपलर सुटे करून त्याच द्रावणात भिजव, बारीक ब्रशने घास, चिरलेले वायसर फेकून दे. दर तीन महिन्यांनी एकदा ॲसिडने धुवायचं, कारण नळीत कॅल्शियम ऑक्झलेटचा खर बसतो, त्याला बियरस्टोन म्हणतात. तो कॉस्टिकला दाद देत नाही, आणि त्याच्या खडबडीत अंगावर जंतूंचं फावतं. बोअरचं जड पाणी वापरलं तर खर आणखी लवकर धरतो.

शेवटचं खंगाळणं मात्र उरकू नकोस. लाईनमधून येणाऱ्या पाण्यात पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा क्षारी ते दाखवणारी, कागदी पट्टी बुडव, आणि तिचा रंग ड्रममधल्या पाण्यासारखाच येईपर्यंत पाणी सोडत राहा. हे पीएचचं मोजमापही बियरवाल्यांच्याच घरातलं. सोरेनसेन नावाच्या शास्त्रज्ञाने ते १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढलं. पट्टी हातात घेतली की मला ते आठवतं आणि बरं वाटतं. माझी एक चूक तू करू नकोस. पहिल्यांदा मी टाकीच्या पाण्याने खंगाळलं, आणि त्या टाकीत आदल्या दिवशी ब्लिचिंग पावडर टाकली होती. दुसऱ्या दिवशी बियरला दवाखान्यातल्या पट्टीचा वास! क्लोरीनचा अंश बियरशी मिसळला की तसं होतं. तेव्हापासून पिण्याचं फिल्टरचंच पाणी.

हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकला हात लावायचा नाही. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र येऊ द्यायचं नाही, आणि ब्लिचिंगजवळ ॲसिड तर कधीच नाही. बियर ढकलणाऱ्या गॅसचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर साखळीने भिंतीला बांध. बंद खोलीत गॅस गळत असेल तर कळतही नाही आणि माणूस गुदमरतो, तेव्हा पोरांना दार उघडं ठेवून आत जायची सवय लाव.

सगळेच वास लाईनचे नसतात. ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर बियर उन्हात तापली किंवा तिला हवा लागली असं समज. मे महिन्यात आमचा एक केग दुपारभर टेम्पोत राहिला होता, त्याची तीच गत झाली. एका शनिवारी गॅस संपला म्हणून पोराने हवेचा कॉम्प्रेसर जोडला, तो केगही तसाच गेला. कितीही अडलं तरी हवा जोडायची नाही. गव्हाच्या बियरला लवंगेचा आणि केळ्याचा वास असतोच, तो दोष नव्हे. तोच लवंगेचा वास लागरला आला तर मात्र कान टवकार. धातूची चव आली तर नळाचं आतलं क्रोम उडून पितळ उघडं पडलंय का बघ, आणि घ्यायचाच झाला तर नळ स्टेनलेसचा घे.

आणि फेस जास्त येतो म्हणून गॅसचा दाब कमी करू नकोस. आमच्या मेकॅनिकने तेच केलं होतं. दाब कमी पडला की बियरमधला गॅस नळीतच सुटतो, फेस उलट वाढतो आणि मगात येते ती मेलेली बियर. आधी केगमधल्या बियरचं तापमान बघ. ते तीन अंशांच्या आसपास असेल तर साध्या लागरला १२ ते १४ पीएसआय पुरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेरून आलेला केग थंड खोलीत पूर्ण एक दिवस ठेवल्याशिवाय मी लावत नाही.

लाईन धुतल्यावर मास्तर आले तेव्हा मीच मग घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. आमची नळी घाण होती, चूक आमची होती, असं सांगून माफी मागितली. त्यांनी आधी हुंगून पाहिलं, एक घोट घेतला आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, वयामुळे माझी जीभच गेली. घरी कुणाला बोललो नाही." मित्रा, माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. इतके दिवस तो माणूस स्वतःलाच दोष देत होता.

म्हणून सांगतो, उद्या सकाळी पहिला मग काढायच्या आधी केगमधून थेट एक ग्लास काढ आणि नळाच्या ग्लासाशेजारी ठेवून चाख. केगमधली बियरही लोण्यासारखी लागली तर खुशाल कंपनीला फोन कर, मी तुझ्या बाजूने बोलेन. ती चांगली लागली तर पाना घेऊन नळ खोल, आणि आत काय निघालं ते मला त्याच दिवशी कळव. पंप नसेल तर आमचा जादा आहे, रात्रीच्या गाडीने पाठवून देतो.

आईंना नमस्कार. वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच,
सोलापूरचा मित्र