किल्ला आता टेबलावर घ्यायचा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू सावकाश" म्हणतात आणि आई, तू लगेच माझ्याच तब्येतीची चौकशी सुरू करतेस. म्हणून लिहूनच कळवते. आपला लेगोच्या विटांचा किल्ला जमिनीवरून उचलून टेबलावर घ्यायचा, असं मी ठरवलं आहे. टेबल करायला टाकलंय, रजा मंजूर झाली आहे. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत किल्ला उतरवण्याचं काम मी स्वतः येऊन करणार आहे. बाबा, इथेच पत्र बाजूला ठेवू नका, पुढचं वाचा. तुम्हाला विचारल्याशिवाय एकाही बुरुजाची वीट निघणार नाही.

आधी आईचं सांगते. आई, डॉक्टरांनी तळव्याला टोचून पाहिलं तेव्हा उजव्या पायाच्या दोन बोटांना तुला काही कळलंच नव्हतं. लेगोची वीट पायाखाली आली की माणूस कळवळतो आणि पाय उचलतो. तू उचलणार नाहीस, कारण तुला ती टोचणारच नाही. मागे अंगठ्याला झालेली जखम तुला मोजा काढताना दिसली, तोवर ती चिघळायला लागली होती. साखर असलेल्या माणसाची पायाची जखम कुठवर जाते हे आपण आत्याच्या वेळी पाहिलंय. मला ते पुन्हा बघायचं नाही.

आणि बाबा, तुमचं. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून उठताना तुम्हाला अंधारी येते. आईने मला काही सांगितलेलं नाही, तिच्यावर रागावू नका. मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. तुम्ही मांडी सोडून उठलात, आधाराला हात पुढे गेला तो थेट दक्षिणेच्या तटावर. बोटं चर्यांना टेकणार इतक्यात तुम्ही हात मागे घेतलात, तटाला धक्का लागू नये म्हणून, आणि झोक गेला. कपाट होतं म्हणून निभावलं. पडायच्या क्षणीसुद्धा तुम्ही किल्ला सांभाळलात. त्यानंतर कितीतरी वेळ माझं कामात लक्ष लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, चौरंग घेऊन बसतो. तोही विचार करून पाहिला. चौरंगावर बसलं की पाठ वाकवून पुढे झुकावं लागतं, आणि झुकलेल्या माणसाने एकदम मान वर केली की पुन्हा तेच. शिवाय जिना आहेच. दिवसातून कितीदा वरखाली करता ते मी विचारत नाही. खालच्या खोलीत पायऱ्या नाहीत, न्हाणीघर शेजारी आहे आणि आई हाकेच्या अंतरावर. खिडकी उत्तरेची असल्यामुळे ऊन थेट येत नाही, याचा किल्ल्यालाही फायदा आहे. वरच्या खोलीत पश्चिमेचं ऊन लागून दरवाजावरच्या पांढऱ्या विटा पिवळ्या पडत चालल्या आहेत, तुम्हीच मला दाखवल्या होत्या. विटांच्या एबीएस प्लास्टिकला ऊन मानवत नाही.

आता टेबलाचं, कारण मापं ऐकल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. किल्ल्याच्या पायाला आपल्या १२ बेसप्लेट, म्हणजे पातळ चौकोनी पाट्या, तीन बाय चार. एक बेसप्लेट ३२ स्टडची, म्हणजे एका ओळीत ३२ गोल उंचवटे, २५.६ सेंटीमीटर. किल्ला झाला ७६.८ बाय १०२.४. त्याला चारही बाजूंनी १६ स्टडचा खंदक धरला, म्हणजे १०२.४ बाय १२८. त्याच्या बाहेर सगळीकडून दहा सेंटीमीटर फळी मोकळी ठेवली आहे, ती हात टेकायला. यापुढे तोल गेला तर हात मागे घ्यायचा नाही, त्या फळीवर टाकायचा. म्हणूनच टेबलाला चाकं लावू दिली नाहीत. सुतार आग्रह करत होता, मी नको म्हटलं. जड आणि चार पायांवर घट्ट उभं राहणारंच टेबल हवं. ते भिंतीला लावायचं नाही. चहूबाजूंनी फिरता आलं की मधल्या चौकापर्यंत लांब बाजूंकडून साधारण ६० सेंटीमीटरवर हात पोचतो.

उंची ७२ ठेवली आहे. बालेकिल्ला ६० विटा उंच आहे, एका विटेचे ९.६ मिलिमीटर धरले तर ५७.६ सेंटीमीटर. खुर्चीत बसलात की त्याच्या माथ्यावरचे पहारेकरी जवळजवळ तुमच्या डोळ्यांसमोर येतील. इतकी वर्षं आपण हा किल्ला वरूनच पाहिला. लहानपणी मी जमिनीवर पोटावर पडून महादरवाजातून आत बघायचे, आणि तुम्ही टॉर्च धरून देवडीत उजेड पाडायचात. आता तुम्हाला तसं बघता येईल, खुर्चीतून न उठता.

खंदकाचं ऐकून तर तुम्ही खूश व्हाल. "खंदक कसला, निळा रंग दिलेलं अंगण आहे," असं म्हणून तुम्ही किती वर्षं हळहळत आलात. किल्ल्याच्या १२ प्लेटांखाली मी १९ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड घालणार आहे, प्रत्येक प्लेटला स्वतंत्र तुकडा. बाहेरचा पट्टा खालीच राहील. दोन विटांची उंची होते १९.२. म्हणजे किल्ला न उकलता खंदकाला खरी दोन विटांची खोली मिळते. बाहेरच्या काठावर खडकाळ कड, तळाला गडद निळ्या प्लेटा, वर पारदर्शक निळ्या. उचलत्या पुलाखाली पाणी दिसेल. तो पट्टा पूर्ण तुम्ही बांधायचा, मी हात लावणार नाही.

आता जे तुम्हाला लागेल ते. किल्ला एकसंध उचलता येणार नाही, तो सांध्यांवर चिरावा लागेल. तुम्ही भिंती सांधेमोड करून बांधल्यात, कुठेही उभा सांधा एकाखाली एक नाही. बेसप्लेट जिथे जुळतात तिथूनही विटा आडव्या गेल्या आहेत. बांधकाम म्हणून ते उत्तमच, पण बेसप्लेट पातळ आणि लवचीक. कोपऱ्यातून उचलली तर वरची भिंत उलत जाईल. जिन्यावर तसं झालं तर मला ते सोसायचं नाही आणि तुम्हाला तर नाहीच.

म्हणून जी वीट दोन प्लेटांवर बसली आहे तेवढीच काढायची. चार स्टडची असेल तर तिच्या जागी दोन-दोन स्टडच्या दोन बसवायच्या. असं पायापासून चर्यांपर्यंत केलं की प्रत्येक प्लेटवरचा भाग आपापला सुटा होतो. टेबलावर परत जुळवताना तटाच्या आतल्या अंगाला भोकांच्या टेक्निक विटा घालून पिनांनी शेजारच्या भागाशी अडकवायचं. बाहेरून चीर दिसली तर तिच्यावर टेकूभिंत उभी करू. दगडी किल्ल्यांना त्या असतातच, उलट तट भारदस्त दिसेल. सुटे भाग हा काही कमीपणा नाही, बाबा. लेगो कंपनीचा १९७८ चा पहिला पिवळा किल्लासुद्धा बिजागरीवर उघडायचा, आणि २०२२ मध्ये आलेला ४,५१४ तुकड्यांचा मोठा किल्लाही उघडतो. आत हात जावा म्हणूनच ना! आपल्या मुदपाकखान्यात २०-२५ वर्षांत कोणाचं बोटही गेलेलं नाही. चूल तुम्ही किती सुंदर केली होती, ती मला आता फक्त आठवते.

वायव्येच्या बुरुजाचं आता लिहिते. आई, मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी बाहेरच्या कोणाला या कामात घेतलेलं नाही. दादाने लावलेली एकही वीट सुटणार नाही. त्याच्या बाजूची चीर मी प्लेटच्या सांध्यावर न घेता पुढे, बाबांनी नंतर बांधलेल्या तटात घेणार आहे. दोन्ही प्लेटा एकाच फळीवर, एकत्रच उतरतील. तो जुना करडा रंग कुठे संपतो ते सहज कळतं. २००४ च्या सुमारास कंपनीने करडा बदलला, नवा निळसर झाला, आणि आपल्या तटावर ती रेघ उमटली. बाबा, तुम्ही ती कधी झाकली नाहीत. मीही झाकणार नाही. रेघेच्या एका बाजूला जुन्या विटा, दुसऱ्या बाजूला नव्या, आणि तरी अजून पकड तितकीच घट्ट. १९५८ साली पेटंट घेतलेली ती जोडणी आजच्या विटेलाही जुळते, हे तुम्हीच आम्हा दोघांना सांगितलं होतं.

तेव्हा तुम्ही दोन बाय चारच्या सहा विटा आमच्या हातात द्यायचात आणि सांगायचात, या सहा जणी दहा कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात. दादा वहीत मोजायला बसायचा. पुढे कळलं की तो आकडा फक्त सहा मजली उंच रचनांचा होता, आणि सगळ्या रचना धरल्या तर ९१,५१,०३,७६५ होतात. मी ते तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही किती मनापासून हसला होतात. मला अजून तसंच तुमच्याशेजारी बसायचंय, तुम्ही मागाल ती वीट शोधून द्यायचीय.

तुमच्या बसण्याची व्यवस्था पण लावली आहे. हातांची खुर्ची येईल, उठताना दोन्ही हातांवर भार देता येतो. दोन दिवे, उजवीकडून आणि डावीकडून, म्हणजे हाताची सावली विटांवर पडणार नाही. दिवे पांढऱ्या उजेडाचेच घेतलेत. पिवळ्या उजेडात काळी वीट आणि गडद करडी वीट एकसारख्या दिसतात, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तर तुम्हाला त्या ओळखूच येत नव्हत्या. भिंगाला वाकणारी मान आहे, ते हातात धरावं लागणार नाही. खण उथळ घेतलेत. एक विनंती मात्र आहे. विटा रंगावर लावू नका, आकारावर लावा. करड्या विटांच्या ढिगात छोटी बिजागरी शोधणं फार जिकिरीचं होतं, पण बिजागऱ्यांच्या खणात करडी लगेच सापडते. तुमची सवय जुनी आहे, कळतं मला, पण करून तर बघा.

आई, तुझी खुर्ची खिडकीशी, रेडिओ हाताशी. निशाणं, झाडं, घोडे हे सगळं तुझ्याकडेच राहील. बाग तू लावल्याशिवाय चौक उघडाबोडका दिसतो. विटा धुवायच्या झाल्या तर कोमट पाण्यातच, ४० अंशांच्या वर नाही, आणि वाळवायच्या सावलीत. मशीनमध्ये टाकू नकोस. बसलेली धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने काढायची, ओल्या फडक्याने नाही.

मी येईपर्यंत काय करायचं ते आता लक्ष देऊन वाचा. टेबल आलं की सुताराच्या माणसांकडूनच जागेवर ठेवून घ्या, बाबांनी एका बाजूने धरायला जायचं नाही. किल्ल्याच्या प्लेटा उचलून बघायच्या नाहीत. हजार मोठ्या विटांचेच सव्वादोन किलो होतात, आणि बालेकिल्ल्यात किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकमेकींवर घट्ट बसलेल्या चपट्या विटा दातांनी सोडवायच्या नाहीत, बाबा. दोन सेपरेटर पाठवलेत, नारंगी रंगाचे, ते खिशातच ठेवा. जमिनीवरून उठायचं झालं तर आधी खुर्ची ओढून घ्या, मिनिटभर बसून राहा, मग उभे राहा. गोळी सकाळची सकाळी. जिना दुपारनंतर बंद.

मी जरा जास्तच हुकूम सोडते आहे, पण लांब राहून माझ्या हातात तेवढंच आहे. तुम्हाला काही बदलायचं असेल तर अजून वेळ आहे, टेबल आणि खालची खोली सोडून सगळं तुमच्या मनासारखं होईल. बाबा, चिरा कुठून घ्यायच्या ते कागदावर पेन्सिलने आखा आणि त्याचा फोटो मला पाठवा. बुरुजाची बाजू आधी आखा. तुमची रेघ असेल तिथूनच मी वीट काढेन.

आणि आई, घरात चप्पल. आजपासून. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी.

तुमची,
धाकटी